इलियड पहिल्यांदा वाचताना : शूर कोण, थोर कोण?

होमरचं इलियड, म्हणजे ट्रॉयच्या युद्धावरचं प्राचीन ग्रीक महाकाव्य, वाचायला घेणाऱ्या बऱ्याच जणांचं घोडं दुसऱ्या सर्गात अडतं. तिथे जहाजांची यादी सुरू होते. कुठल्या गावचा कोण सरदार, त्याचा बाप कोण, किती जहाजं घेऊन आला, अशा एकामागून एक २९ तुकड्या आणि बाराशेच्या आसपास जहाजं. ती यादी ओलांडून जे पुढे जातात त्यांच्यापुढे वेगळाच पेच उभा राहतो. ज्याचं नाव महावीर म्हणून ऐकलं तो अकिलीस रुसून छावणीत बसलेला असतो. आपल्याच बाजूची माणसं मरू देत, म्हणजे त्यांना आपली किंमत कळेल, असं गाऱ्हाणं त्याने आईकरवी थेट देवांचा राजा झ्यूसपर्यंत पोचवलेलं असतं. आणि शत्रूचा, म्हणजे ट्रॉयचा, सेनापती हेक्टर मात्र बायकोमुलावर जीव लावणारा, शहरासाठी झिजणारा भला माणूस निघतो. मग वाचक गोंधळतो. नायक कोण? कवीला कौतुक आहे ते नेमकं कुणाचं?

हा लेख त्या गोंधळातून वाट काढण्यासाठी आहे. ग्रीक भाषा यायला हवी असं नाही, देवांच्या वंशावळी पाठ असायलाही नकोत. या काव्यात माणूस गयावया करतो तेव्हा समोरच्याचे गुडघे धरतो. कोण कुणाचे गुडघे धरतो, काय देऊ करतो आणि त्याला काय उत्तर मिळतं, एवढं टिपत गेलात तर होमरच्या माणसांची मूल्यं आपोआप उलगडत जातात. लढायांची वर्णनं पहिल्या वाचनात थोडी वरवर गेली तरी चालतील.

सुरुवातीची तयारी

काही अपेक्षा आधीच बाजूला ठेवा. इलियडमध्ये लाकडी घोडा नाही. अकिलीसचा मृत्यू नाही. त्याच्या टाचेची गोष्ट तर होमरमध्ये कुठेच नाही, ती पुष्कळ नंतरची. ट्रॉयचा वेढा दहा वर्षांचा, पण हे काव्य त्यातल्या शेवटच्या वर्षातले जेमतेम पन्नासएक दिवस सांगतं. सुरुवात होते दोन ग्रीक सरदारांच्या भांडणाने आणि शेवट होतो हेक्टरच्या अंत्यसंस्काराने. शहर अजून पडलेलंही नसतं.

सर्ग २४, ओळी साडेपंधरा हजारांहून जास्त. रचना साधारण इ. स. पू. आठव्या शतकातली मानतात. ही परंपरा तोंडी गायनाची. मिल्मन पॅरी या अमेरिकन अभ्यासकाने १९३० च्या दशकात युगोस्लाव्हियात जाऊन तिथल्या निरक्षर शाहिरांची लांबच लांब वीरगीतं ध्वनिमुद्रित केली आणि होमरच्या रचनेमागेही असंच गाता गाता जुळवण्याचं तंत्र असावं, या आपल्या मताला पुरावा मिळवला. ठरावीक विशेषणं त्या तंत्रातूनच येतात. अकिलीस बसलेला असला तरी ‘चपळ पायांचा’, जहाजं किनाऱ्यावर ओढून ठेवलेली असली तरी ‘वेगवान’. त्यांचा कंटाळा आला तर समजा की ती गाणाऱ्याला दम घ्यायला आहेत. मात्र क्वचित एखादं विशेषण असं नेमक्या जागी येतं की अंगावर काटा येतो. त्यातलं एक पुढे सांगतो.

इंग्रजी भाषांतरातून वाचणार असाल तर निवड करताना एवढं बघा. रिचमंड लॅटिमोरचं १९५१ चं भाषांतर मूळ ओळींच्या सर्वांत जवळून चालतं, पण जरा जड आहे. रॉबर्ट फेगल्सचं १९९० चं आवेगाने वाचून होतं. एमिली विल्सन यांचं २०२३ चं सोपं, सुटसुटीत आहे आणि मोठ्याने वाचायला फार चांगलं. इंटरनेटवर फुकट मिळतं ते बहुधा सॅम्युअल बटलरचं १८९८ चं गद्य. ते वाईट नाही, पण त्यात देवांची नावं रोमन आहेत. झ्यूसच्या जागी जोव्ह आणि अथीनाच्या जागी मिनर्व्हा दिसली की दचकू नका.

वाचायचा क्रम असा ठेवा: पहिला सर्ग, दुसऱ्याचा पूर्वार्ध, मग सहावा, नववा, बाराव्याचा शेवट, सोळावा, अठरावा, एकविसाव्याची सुरुवात, बाविसावा, तेविसाव्यातली रथांची शर्यत आणि चोविसावा. हे झाल्यावर पूर्ण काव्य सलग वाचा. आधी सलग वाचायला घेतलंत तर दहापैकी आठ वेळा पुस्तक पुन्हा कपाटात जातं असा माझा अनुभव आहे.

पहिली पायरी : मान कुठे ठेवलाय ते शोधा

पहिला सर्ग दोनदा वाचा. अपोलोचा म्हातारा पुजारी क्रिसेस ग्रीकांच्या छावणीत येतो. त्याची मुलगी लुटीत पकडून आणलेली असते आणि ती ग्रीकांचा सरसेनापती अ‍ॅगमेम्नॉनच्या वाट्याला गेलेली असते. म्हाताऱ्याने भरपूर खंडणी आणली आहे, हातात देवाच्या पट्ट्या बांधलेला सोन्याचा दंड आहे. सगळं सैन्य म्हणतं, देऊन टाका. अ‍ॅगमेम्नॉन त्याला हाकलून देतो, वर धमकीही देतो. ही काव्यातली पहिली विनवणी आणि पहिला नकार. अपोलो नऊ दिवस छावणीवर रोगाचे बाण सोडतो, चिता विझत नाहीत.

दहाव्या दिवशी अकिलीस सभा बोलावतो. मुलगी परत करावी लागणार हे ठरतं, तेव्हा अ‍ॅगमेम्नॉन म्हणतो, मग मला बदली काहीतरी द्या, सगळ्यांना वाटा मिळालाय आणि मीच रिकामा राहू का? आणि तो अकिलीसच्या वाट्याची ब्रिसेईस उचलतो.

इथे आजचा वाचक वैतागतो. एका स्त्रीला वस्तूसारखं इकडून तिकडे करणाऱ्या दोन दांडग्यांचं भांडण, त्यात कसलं महाकाव्य? वैताग रास्त आहे, तो सोडू नका. पण भांडणाचं तर्कशास्त्र मात्र समजून घ्या. लुटीतला हा खास वाटा सैन्याने सर्वांसमक्ष दिलेला असतो. त्याची किंमत सोन्यात मोजत नाहीत. गावच्या जत्रेत मानाचा नारळ कुणाकडे यावरून पिढ्यान्‌पिढ्या वाद चालतात, तेव्हा नारळ बाजारात कितीला मिळतो हे सांगून वाद मिटत नाही, तसंच हे. होमरच्या जगात मान मनात ठेवायची गोष्ट नाही. तो दिसावा लागतो, हातात धरता यावा लागतो, चारचौघांनी दिलेला असावा लागतो. म्हणूनच तो चारचौघांत हिसकावूनही घेता येतो.

आता बघा, दोघांचंही म्हणणं पूर्ण चुकीचं नाही. अ‍ॅगमेम्नॉन सर्वांत मोठं सैन्य घेऊन आलेला राजा आहे. त्याचाच वाटा गेला तर त्याची सत्ता राहिली कुठे? अकिलीस सर्वांत मोठा योद्धा आहे. घाम त्याने गाळायचा आणि वाटणीच्या वेळी मोठा हात राजाचा. पद मोठं की पराक्रम मोठा, हा प्रश्न ही व्यवस्था सोडवू शकत नाही. म्हातारा नेस्टर मध्ये पडतो आणि दोघांनाही बरोबर तेच सांगतो: तू तिला नेऊ नकोस, तू राजाशी भांडू नकोस. कुणीच ऐकत नाही. अकिलीस तलवार उपसतच असतो, तेवढ्यात अथीना मागून येऊन त्याचे केस धरते. ती इतर कुणाला दिसत नाही. तलवार म्यानात जाते, सभेचा दंड जमिनीवर आपटला जातो, आणि राग पुढचे अनेक सर्ग पुरतो.

ब्रिसेईस स्वतः काय म्हणते? जाताना ‘नाइलाजाने’ जाते एवढंच कवी नोंदवतो. ती पहिल्यांदा आणि शेवटची बोलते एकोणिसाव्या सर्गात, अकिलीसचा जिवलग मित्र पॅट्रोक्लसच्या प्रेतावर रडताना: तू नेहमी माझ्याशी मायेने वागलास. तिचा नवरा अकिलीसने मारला, तिचे तीन भाऊ त्याच दिवशी मेले, हेही तिथेच कळतं. ती जागा शोधून वाचाच.

इथेच एक सूचना. आपण महाभारत ऐकत वाढलेली माणसं. युद्ध म्हटलं की धर्माची बाजू कुठली हे आधी शोधतो. (महाभारतातही ते सोपं नाही हा भाग निराळा.) इलियडमध्ये तो शोध घेऊ नका. ग्रीक आणि ट्रोजन त्याच देवांना बळी देतात, आपसात दुभाष्याशिवाय बोलतात आणि देवही दोन्ही बाजूंना वाटले गेलेले आहेत. हेक्टरच्या भावाने, पॅरिसने, पाहुणा म्हणून राहून यजमानाची बायको पळवली हा ट्रॉयचा दोष खरा, पण त्यामुळे हेक्टर खलनायक होत नाही.

दुसरी पायरी : शौर्याचा करार वाचा

बाराव्या सर्गाच्या शेवटाकडे, ग्रीकांच्या तटबंदीसमोर, सार्पेडॉन आपला साथी ग्लॉकसला काही सांगतो. हे दोघे लिशियाचे, ट्रॉयच्या मदतीला आलेले. भाषण वीसेक ओळींचं आहे, पण वीर म्हणजे काय हे याहून स्वच्छ शब्दांत कुणी सांगितलेलं नाही. आशय असा: आपल्या गावी आपल्याला मानाची जागा, मांसाचा चांगला वाटा आणि काठोकाठ भरलेले पेले का मिळतात? नदीकाठची उत्तम जमीन आपल्याकडे का? म्हणून आपण पहिल्या फळीत उभं राहायचं, म्हणजे आपली माणसं म्हणतील, आमचे राजे फुकट खात नाहीत.

इथपर्यंत सरळ व्यवहार आहे. पुढचं वळण मात्र बघा. ही लढाई टाळून आपण कायमचे अमर होणार असतो, सार्पेडॉन म्हणतो, तर मी स्वतः पुढे गेलो नसतो आणि तुलाही पाठवलं नसतं. पण मरण तर हजार वाटांनी येतंच आहे. तर मग चल, एक तर आपण कुणाला कीर्ती देऊ, नाहीतर कुणीतरी आपल्याला. होमरचे देव मरत नाहीत म्हणून ते शूर होऊच शकत नाहीत. देवांची भांडणं काव्यात बऱ्याचदा विनोदी वाटतात त्याचं कारण हेच असावं. सोळाव्या सर्गात सार्पेडॉन मरतो. तो झ्यूसचा मुलगा, तरी झ्यूस त्याला वाचवू शकत नाही. फक्त रक्ताचा पाऊस पाडतो.

आता याच कराराची दुसरी बाजू. दुसऱ्या सर्गात थर्साइटीस नावाचा एक कुरूप, फाटक्या तोंडाचा सैनिक उठून अ‍ॅगमेम्नॉनला सुनावतो: तुझ्या तंबूत पितळ आणि बायका भरल्यात, आणखी काय हवंय? अकिलीसने पहिल्या सर्गात केलेली तक्रार हीच. पण थर्साइटीसच्या पाठीत ग्रीक सरदार ओडिसियस दंड घालतो, वळ उठतो, तो रडत खाली बसतो आणि सैन्य हसतं. म्हणजे मानाची भाषा बोलायचा हक्क कुळाने आणि मनगटाने मिळतो. तो नसलेल्याने खरं बोललं तरी मारच. कवी या हसण्यात सामील आहे की नाही, यावर अभ्यासक अजून भांडतात. मला वाटतं, आहे.

तिसरी पायरी : हेक्टर आणि ‘लोक काय म्हणतील’

सहाव्या सर्गात हेक्टर रणातून थोडा वेळ शहरात येतो. वेशीपाशी बायको अँड्रोमाकी भेटते, मागे दाईच्या कडेवर तान्हं मूल. तिचे वडील आणि सात भाऊ अकिलीसने मारलेले. ती म्हणते, आता तूच माझा बाप, तूच आई, तूच भाऊ आणि नवराही तूच. तटावर थांब, बाहेर जाऊ नकोस. वर ती सैन्य कुठे उभं करावं हेही सांगते, तट कुठे कच्चा आहे ते तिला माहीत आहे.

हेक्टरचं उत्तर पुन्हा पुन्हा वाचण्यासारखं आहे. तो म्हणतो, मी मागे राहिलो तर ट्रॉयच्या पुरुषांना आणि लांब पदरांच्या बायकांना काय तोंड दाखवू? आणि लगेच पुढे म्हणतो, एक दिवस ट्रॉय पडणार हे मला मनोमन ठाऊक आहे. म्हणजे जिंकायच्या आशेने तो लढत नाहीये. लोकलाज, आपली घडण आणि बापाची व आपली कीर्ती, या तीन गोष्टी त्याला बाहेर ओढतात.

मग तो मुलाला घ्यायला हात पुढे करतो आणि मूल किंचाळून दाईच्या कुशीत शिरतं. बापाच्या शिरस्त्राणावरचा घोड्याच्या केसांचा तुरा हलताना बघून ते घाबरलेलं असतं. आईबाप दोघंही हसतात. हेक्टर शिरस्त्राण काढून जमिनीवर ठेवतो, मुलाला हातांवर झुलवतो, त्याचा मुका घेतो. होमर हेक्टरला सबंध काव्यात जे विशेषण सर्वांत जास्त चिकटवतो ते आहे ‘लखलखत्या शिरस्त्राणाचा’. ज्या वस्तूने तो वीर म्हणून ओळखला जातो, तिलाच पोर घाबरतं. सुरुवातीला नेमक्या जागी येणाऱ्या विशेषणाबद्दल म्हटलं ते हेच.

यानंतर हेक्टर मुलासाठी देवाकडे काय मागतो? हा बापापेक्षा सवाई निघू दे, शत्रूला मारून रक्ताळलेलं चिलखत घरी आणू दे, म्हणजे आईला आनंद होईल. बायको समोर रडत हसते आहे आणि हा तिच्यासाठी आणखी एक हेक्टर मागतो आहे! त्याच्या मायेबद्दल शंका नको, पण त्याला दुसऱ्या कुठल्या भाषेत माया करताच येत नाही.

आता उडी मारून अठराव्या सर्गात जा. हेक्टरने पॅट्रोक्लसला मारल्यामुळे अकिलीस परत लढायला उतरणार हे दिसताच साथी पॉलिडॅमस हेक्टरला सांगतो, रात्रीतच शहरात परतू, तटाआड सुरक्षित राहू. हेक्टर त्याला झिडकारतो. दुसऱ्या दिवशी ट्रोजनांची कत्तल होते. बाविसाव्या सर्गात हेक्टर एकटा वेशीबाहेर उभा आहे, आईबाप तटावरून आत ये म्हणून आकांत करताहेत, आणि तो स्वतःशी म्हणतो: आत गेलो तर पॉलिडॅमस पहिला बोल लावेल. कुणी माझ्याहून हलका माणूसही म्हणेल, हेक्टरने स्वतःच्या बळावर भरवसा ठेवला आणि लोकांचा नाश केला. सहाव्या सर्गात ज्या लोकलाजेने त्याला थोर केलं, तीच इथे त्याला मारते. आत जाणं शहराच्या हिताचं होतं. तो मेला की शहर गेलंच. तो ते बोलतही नाही.

आणि तरीही अकिलीस समोर येताच तो पळतो. शहराभोवती तीन फेऱ्या. नवख्या वाचकाला हे खटकतं. मला उलट यातच कवीची ताकद दिसते. भीती वाटणं होमरच्या वीराला लाजिरवाणं नाही. शेवटी थांबून मागे वळणं महत्त्वाचं.

चौथी पायरी : नववा सर्ग सावकाश वाचा

मागचे सर्ग घाईत वाचले असतील तर इथे वेग कमी करा. ग्रीक हरताहेत. अ‍ॅगमेम्नॉन नमतं घेतो आणि अकिलीसला परत बोलावण्यासाठी देणग्यांची लांबलचक यादी पाठवतो: सात तिवया, दहा टॅलेंट (हे वजनाचं माप) सोनं, वीस कढया, शर्यती जिंकणारे बारा घोडे, लेस्बॉसच्या सात स्त्रिया, स्वतः ब्रिसेईस आणि तिला हात लावला नाही अशी शपथ, पुढे आपली मुलगी आणि सात नगरं. ओडिसियस, एजॅक्स आणि अकिलीसला लहानपणी सांभाळलेला म्हातारा फीनिक्स, असे तिघे जातात. अकिलीस वीणेसारखं वाद्य वाजवत पूर्वीच्या वीरांची गाणी गात बसलेला, समोर एकटा पॅट्रोक्लस.

ओडिसियस यादी शब्दशः सांगतो, फक्त शेवटचं एक वाक्य गाळतो. अ‍ॅगमेम्नॉन म्हणाला होता: त्याने माझ्यापुढे झुकावं, मी जास्त मोठा राजा आहे. दोन्ही जागा शेजारी ठेवून वाचा, म्हणजे ओडिसियस काय चीज आहे ते कळेल. अकिलीसलाही वास येतोच. पोटात एक आणि ओठात एक असलेला माणूस मला नरकाच्या दारासारखा नकोसा वाटतो, असं तो सुरुवातीलाच म्हणतो.

आणि मग तो मूळ करारच उधळतो. मागे बसणाऱ्याला आणि जिवावर उदार होऊन लढणाऱ्याला वाटा सारखाच, मरण सारखंच. मेंढरं लुटून आणता येतात, तिवया मिळवता येतात, पण दातांच्या कुंपणाबाहेर एकदा गेलेला प्राण परत आणता येत नाही. आईने त्याला दोन वाटा सांगितल्या आहेत: इथे राहून मर आणि अक्षय कीर्ती मिळव, किंवा घरी जा, कीर्ती विसर आणि म्हातारा हो. सार्पेडॉनचं गणित इथे उलटं फिरतं. इतक्या उघडपणे हा प्रश्न विचारणारा दुसरा वीर या काव्यात नाही.

फीनिक्सच्या उत्तरातला एक भाग हुकवू नका. विनवण्या या झ्यूसच्या मुली आहेत, तो सांगतो; लंगड्या, सुरकुतलेल्या, तिरळ्या. बुद्धिभ्रंश धडधाकट पायांनी पुढे धावत लोकांचं वाटोळं करत जातो आणि या बिचाऱ्या मागून येऊन घाव भरतात. जो त्यांना मान देतो त्याचं भलं होतं; जो झिडकारतो, त्याच्यामागे त्या बुद्धिभ्रंशच लावून देतात. एजॅक्स शेवटी चार वाक्यांत बोलतो: माणसं भावाच्या, मुलाच्या खुनाबद्दलसुद्धा भरपाई घेऊन राग सोडतात, आणि तू एका मुलीसाठी? मित्रांच्या प्रेमाची काही चाड? अकिलीस म्हणतो, तुझं पटतंय, पण अपमान आठवला की काळीज उसळतं. तिघांपैकी त्याला सर्वांत जास्त हलवतो तो हाच, कमी बोलणारा. ओडिसियसला घरी जातो म्हणणारा अकिलीस एजॅक्सला एवढंच सांगतो, की हेक्टर माझ्या जहाजांपर्यंत येईपर्यंत लढणार नाही.

राग रास्त होता. तो कुठे रास्त राहिला नाही? नवव्या सर्गात, असं बरेच वाचक म्हणतात. मला ते थोडं घाईचं वाटतं. ती भेट लाच होती की माफी, हे कवीने मुद्दाम धूसर ठेवलं आहे.

पाचवी पायरी : विनवण्यांची वही

आता वहीत एक पान करा. कोणी, कुणाला, काय मागितलं, काय झालं. पहिल्या सर्गातला क्रिसेस झाला, नववाही झाला. अकिलीसच्या आईने, थेटिसने, झ्यूसचे गुडघे धरून, हनुवटीला हात लावून मुलाचं गाऱ्हाणं घातलं आणि ते मान्य झालं, हेही लिहा. इथून पुढचे हे.

सहाव्या सर्गाच्या सुरुवातीला ट्रोजन योद्धा अ‍ॅड्रेस्टस ग्रीक राजा मेनेलाउसचे गुडघे धरतो. मेनेलाउस विरघळतो, तेवढ्यात अ‍ॅगमेम्नॉन धावत येतो: कुणी सुटता कामा नये, आईच्या पोटातला मुलगाही नाही. आणि त्या शरण आलेल्याला भोसकतो. अस्वस्थ करणारी गोष्ट अशी, की कवी त्या सल्ल्याला ‘योग्य’ म्हणून जातो.

सोळाव्यात पॅट्रोक्लस रडत येतो. अकिलीस त्याला विचारतो, आईचा पदर ओढणाऱ्या लहान मुलीसारखा का रडतोस? तुझं चिलखत दे, मी जातो, पॅट्रोक्लस म्हणतो. विनंती मान्य होते. कवी तिथेच सांगतो की वेडा स्वतःचं मरण मागत होता. (या दोघांचं नातं मैत्रीचं की प्रेमाचं, हे होमर सांगत नाही. नंतरच्या ग्रीकांपैकी अनेकांनी ते प्रेमाचंच धरलं.)

एकविसाव्यात लिकेऑन. ट्रॉयचा राजा प्रायमचा हा मुलगा पूर्वी एकदा बापाच्या बागेत अंजिराच्या फांद्या तोडताना अकिलीसच्या हाती सापडला होता. तेव्हा अकिलीसने त्याला विकून टाकलं होतं. सुटून घरी आल्याला बारावा दिवस, आणि पुन्हा तोच माणूस समोर. एका हाताने गुडघे, दुसऱ्याने भाला धरून तो जीव मागतो. अकिलीस म्हणतो, मित्रा, तूही मर, एवढं रडतोस कशाला? पॅट्रोक्लस मेला, तो तुझ्याहून कितीतरी चांगला होता. मीही एक दिवस मरणार आहे. ‘मित्रा’ या हाकेत टोमणा किती आणि खरी ओळख किती, हे तुमचं तुम्ही ठरवा. लिकेऑन भाला सोडतो आणि हात पसरून खाली बसतो.

बाविसाव्यात हेक्टर जीव मागत नाही, फक्त प्रेत घरी द्यावं म्हणतो. अकिलीस म्हणतो, तुला कच्चा खावंसं वाटतंय. मग प्रेत रथाला बांधून फरफटवतो. त्याच वेळी घरात अँड्रोमाकी नवऱ्याच्या आंघोळीसाठी पाणी तापवायला सांगत असते.

आणि चोविसावा. म्हातारा प्रायम रात्री शत्रूच्या छावणीत येतो, अकिलीसचे गुडघे धरतो आणि ज्या हातांनी त्याची अनेक मुलं मारली त्यांचा मुका घेतो. पहिल्या सर्गातही एक म्हातारा बाप खंडणी घेऊन आपलं लेकरू मागायला आला होता. तुझा बाप आठव, प्रायम म्हणतो, तो माझ्याच वयाचा आहे. दोघंही रडतात, एक हेक्टरसाठी, दुसरा कधी बापासाठी, कधी पॅट्रोक्लससाठी.

इथे अकिलीस एकदम संत झाला असं समजू नका. प्रायम जरा घाई करतो तर तो गुरकावतो: मला चिडवू नकोस, नाहीतर तुलाही सोडणार नाही. मग बाहेर जाऊन दासींना सांगतो, प्रेत आडोशाला नेऊन धुवा. म्हाताऱ्याने पाहिलं तर त्याला राग आवरणार नाही, आणि माझ्या हातून त्याचा जीव जाईल. खंडणीत आलेल्या कापडांतून दोन वस्त्रं आणि एक अंगरखा प्रेत गुंडाळायला बाजूला ठेवतो. प्रेत स्वतः उचलून तिरडीवर ठेवतो. स्वतःचा राग कुठे उसळेल हे ओळखून आधीच बंदोबस्त करणारा हा माणूस पहिल्या सर्गात नव्हता. तिथे केस ओढायला देवी लागली होती. नंतर दोघं जेवतात आणि अकिलीस विचारतो, अंत्यविधीला किती दिवस हवेत? अकरा दिवस, प्रायम सांगतो, बाराव्या दिवशी लढू, लढायचंच असेल तर.

इतक्या जड गोष्टींत तेविसाव्या सर्गातली रथांची शर्यत मोकळा श्वास देते. तरुण अँटिलोकस अरुंद जागी मेनेलाउसला धोक्याने मागे टाकतो, मेनेलाउस शपथ घे म्हणतो, पोरगा चूक कबूल करून बक्षिसाची घोडी देऊ करतो, मेनेलाउस विरघळून ती परत देतो. पहिल्या सर्गातलं भांडण असंही मिटू शकलं असतं.

मग ओडिसीकडे

ओडिसी, म्हणजे होमरचंच ओडिसियसच्या घरवापसीचं महाकाव्य, वाचताना मोजपट्टी बदला. तिथे बारा हजारांवर ओळींत तपासलं जातं ते पाहुणचाराचं: दारात आलेल्या अनोळख्याला आधी जेवू घालून मग नाव विचारता की नाही? चौदाव्या सर्गातला डुकरं राखणारा युमेयस या परीक्षेत पहिला येतो; गुहेतला राक्षस पॉलिफीमस पाहुण्यांनाच खातो आणि भेट म्हणून ‘तुला शेवटी खाईन’ म्हणतो. ओडिसियसचे गुणही निराळे: सोसणं, थापा मारणं, वेळ येईपर्यंत गप्प बसणं. तेराव्या सर्गात त्याची बेमालूम थाप ऐकून अथीना खूश होऊन हसते. आणि अकराव्यात मृतांच्या जगात अकिलीस भेटतो तो म्हणतो, मेलेल्यांचा राजा होण्यापेक्षा एखाद्या भूमिहीनाच्या घरी मजुरी केलेली बरी. प्लेटोने आपल्या आदर्श नगरात कापून टाकायच्या ओळींत ही आधी धरली. तरुणांना मरणाची भीती वाटेल म्हणून.

बाविसाव्या सर्गात ओडिसियसच्या बायकोशी लग्न करायला टपलेल्या १०८ उपवरांची कत्तल होते. दाई आनंदाने ओरडायला जाते तर ओडिसियस तिला अडवतो: मेलेल्यांवर जल्लोष करणं पाप आहे. त्यानंतर बारा दासींना फासावर लटकवलं जातं, त्यांच्यासाठी कुणी बोलत नाही. वहीतलं विनवण्यांचं पान इथेही उघडं ठेवा. त्याच सर्गात ओडिसियसचे गुडघे कोण कोण धरतं, आणि पुरोहित लिओडीस मरतो तिथे गायक फेमियस का वाचतो, एवढं शोधायला घ्या.